राणीछाप रुपयाची झीज कशी ओळखावी?

आपल्या मंडळातल्या बहुतेक घरांत जुने चांदीचे रुपये आहेत. कुठे ते देवघरातल्या डब्यात असतात, कुठे बँकेच्या लॉकरमध्ये, तर कुठे आजीच्या लुगड्याच्या घडीत. लक्ष्मीपूजनाला ते बाहेर येतात, घासले जातात, पुजले जातात आणि पुन्हा आत जातात. एरवी त्यांच्याकडे कुणी फारसे पाहत नाही. वाटणीची वेळ आली, जुने घर सोडायचे ठरले किंवा पैशांची नड निर्माण झाली की मग प्रश्न पुढे येतो : यांची किंमत किती?

सराफ रुपये तराजूत टाकतो आणि चांदीच्या भावाने आकडा सांगतो. बऱ्याचदा तो आकडा बरोबरच असतो. पण त्या ढिगात एखादा रुपया असा असू शकतो, की संग्राहक त्याच्या चांदीच्या कितीतरी पट किंमत देईल. तो वेगळा काढता आला नाही, तर इतरांबरोबर तोही मुशीत जातो. एकदा वितळला की तो परत येत नाही.

नाण्याची किंमत तीन गोष्टींवर ठरते : नाणे कोणते आहे, ते किती दुर्मीळ आहे आणि त्याची अवस्था कशी आहे. पहिल्या दोन गोष्टींची उत्तरे पुस्तकात मिळतात. तिसरीचे उत्तर मात्र नाणे हातात घेऊन, डोळ्यांनीच शोधावे लागते. ते कसे शोधायचे, ते या लेखात सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे. त्यासाठी नाणेतज्ज्ञ असण्याची गरज नाही. एक भिंग, एक दिवा आणि थोडा धीर एवढे पुरते.

आपल्या घरांत सापडणारे रुपये

सर्वांत जास्त सापडतो तो इंग्रज सरकारचा रुपया. १८३५ पासून त्याचे वजन आणि कस सगळीकडे एक झाले : १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा, म्हणजेच ११.६६ ग्रॅम. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी असते. चौथ्या विल्यमचा रुपया १८३५ चा. राणी व्हिक्टोरियाचे रुपये दोन तऱ्हेचे : १८४० च्या रुपयावर तिचे मुकुटाविना, केस मागे बांधलेले डोके आहे, तर १८६२ पासूनच्या रुपयावर मुकुट आणि नक्षीदार पोशाख. १८७७ पासून 'क्वीन'च्या जागी 'एम्प्रेस' हा शब्द आला. पुढे १९०३ ते १९१० सातव्या एडवर्डचा बिनमुकुटाचा रुपया, १९११ पासून पाचव्या जॉर्जचा आणि मग सहाव्या जॉर्जचा. आपल्याकडे बोलताना या सगळ्यांनाच सर्रास राणीछाप म्हणतात. राजाछाप हा शब्द त्या मानाने कमी ऐकू येतो.

बडोद्यात यांच्या जोडीला गायकवाडी नाणी सापडतात. हाताने पाडलेले जुने बाबाशाही रुपये आणि यंत्रावर पाडलेले, सयाजीराव महाराजांचे चित्र असलेले रुपये. हे चित्राचे रुपये संवत् १९४८ पासूनचे, म्हणजे १८९१ च्या सुमाराचे. सोयरिकी दूरदूरच्या असल्याने इंदूरचा होळकरी सूर्यछाप रुपया, ग्वाल्हेरचा शिंदेशाही, हैदराबादचा चारमिनार असलेला हाली रुपया किंवा गोव्याचा पोर्तुगीज 'रुपिया'सुद्धा आपल्या डब्यांतून निघतो. यांतले काही हाताने पाडलेले आहेत आणि काही यंत्रावर. झीज पाहण्याच्या दृष्टीने हा फरक फार महत्त्वाचा आहे. आधी यंत्रावरचे पाहू, कारण ते समजायला सोपे आहेत.

पाहण्याआधीची तयारी

टेबलावर मऊ कापड पसरा, म्हणजे नाणे हातातून निसटले तरी मार बसणार नाही. नाणे नेहमी कडेने धरा, अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये. बोटांचा घाम आणि तेल चांदीवर ठसा सोडतात आणि काही महिन्यांनी तोच ठसा काळा होऊन कायमचा दिसू लागतो. पाचपट किंवा दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्या. खोलीतले बाकीचे दिवे मालवून एकच दिवा वरून किंवा बाजूने येईल असा ठेवा. नाणे सपाट ठेवून पाहू नका. दिव्याखाली ते हळूहळू कलते करा आणि फिरवत राहा. झीज समोरून दिसत नाही, ती तिरप्या प्रकाशात दिसते.

आणि एक गोष्ट आताच सांगून ठेवतो : पाहण्याआधी नाणे पुसू, धुऊ किंवा घासू नका. त्याचे कारण पुढे येईलच.

झीज कुठून सुरू होते

नाणे खिशात, थैलीत, गल्ल्यात फिरले की दुसऱ्या नाण्यांना आणि बोटांना सर्वांत आधी लागतो तो त्याचा सर्वांत उंच भाग. तोच आधी झिजतो. सपाट जमीन आणि अक्षरांमधल्या खाचा सर्वांत शेवटी. म्हणून प्रत्येक प्रकारच्या रुपयावर उंच भाग कोणते, एवढे माहीत असले की अर्धे काम झाले.

१८४० च्या रुपयावर राणीच्या कानावरचे केस आणि मागचा अंबाडा पाहा. केसांच्या बटा वेगवेगळ्या मोजता आल्या तर झीज थोडी आहे. त्या मिसळून एकच गुळगुळीत उंचवटा झाला असेल तर झीज बरीच आहे. मागच्या बाजूला माळेतल्या पानांच्या शिरा पाहा.

१८६२ आणि त्यानंतरच्या मुकुटधारी राणीवर गाल, कानाजवळचे केस, मुकुटाची कमान आणि छातीवरच्या पोशाखाची फुलांची नक्षी हे भाग आधी जातात. पोशाखावरची नक्षी हा उत्तम मापदंड आहे. नव्या नाण्यावर तिची पाकळीन् पाकळी दिसते. मध्यम झिजलेल्या नाण्यावर फुले कळतात, पण पाकळ्या नाहीत. फार झिजलेल्या नाण्यावर पोशाख म्हणजे नुसता सपाट आकार उरतो.

एडवर्डच्या रुपयावर कानावरचे केस, भुवई आणि दाढी पाहा, मागच्या बाजूला वरचा मुकुट पाहा. पाचव्या जॉर्जच्या रुपयावर मुकुटाचा मधला पट्टा, भुवई, मिशी आणि कान. शिवाय त्याच्या पोशाखावर मानचिन्हाच्या साखळीत एक लहानसा हत्ती आहे. हत्तीची सोंड, पाय आणि पाठ वेगळी कळतात का, हा संग्राहकांचा आवडता तपास. याच हत्तीने १९११ मध्ये गोंधळ घातला होता. त्या साली हत्ती इतका आखूड सोंडेचा उतरला, की लोकांना तो डुक्कर वाटला. नाराजी झाली, बरीच नाणी परत घेतली गेली आणि १९१२ पासून हत्ती सुधारून काढला. म्हणून पाचव्या जॉर्जचा १९११ चा रुपया सापडला, तर तो झिजलेला असला तरी वेगळा ठेवा.

सयाजीरावांच्या चित्राच्या रुपयावर पागोट्याचे पदर, भुवई, मिशी आणि गाल याच क्रमाने पाहावेत. पागोट्याची प्रत्येक घडी सुटी दिसणारा रुपया क्वचित मिळतो.

साल पाहून मात्र झिजेचा अंदाज बांधू नका. १८४० साल छापलेले रुपये पुढची वीसएक वर्षे तेच साल ठेवून पाडले जात होते. १८६२ सालाचेही तसेच. १८७४ पर्यंत रुपयांवर तेच साल राहिले. मुंबईच्या टांकसाळीने या काळात मागच्या बाजूला बारीक ठिपके घालून वर्षांची खूण ठेवली. त्यामुळे १८६२ चे दोन रुपये शेजारी ठेवले आणि एक दुसऱ्यापेक्षा ताजा दिसला, तर तो खरोखरच दहा वर्षांनी धाकटा असू शकतो.

झीज की मुळातच कमी उठाव?

उंच भाग सपाट दिसला म्हणजे तो झिजलाच असे नाही. नाणे पाडताना चांदीची चकती दोन ठशांमध्ये दाबली जाते. एका बाजूला राणीचा उंच चेहरा आणि दुसऱ्या बाजूला त्याच जागी खोल नक्षी असेल, तर दोन्हीकडचे खड्डे भरायला तेवढी चांदी त्या जागी पोचत नाही. दाब कमी पडला किंवा ठसा जुना होऊन बोथट झाला, तरी तेच होते. असे नाणे टांकसाळीतून बाहेर पडतानाच मधोमध सपाट असते.

दोन्हींतला फरक ओळखायचा तो पृष्ठभागावरून. झिजलेली जागा गुळगुळीत, करड्या रंगाची असते आणि तिच्यावर झळाळी नसते. कमी उठलेल्या जागेवर मूळ झळाळी टिकून असते किंवा चकतीवरचे बारीक खडबडीत ओरखडे तसेच दिसतात, कारण ठसा तिथे पोचलाच नाही. दुसरी खूण मागच्या बाजूला आहे. पुढे जिथे सपाटपणा आहे, नेमके त्याच्या पाठीमागेही नक्षी दुबळी असेल तर उठाव कमी असल्याची शक्यता जास्त. आणि तिसरी खूण : कडेजवळची अक्षरे धारदार आहेत आणि फक्त मध्यच सपाट आहे, तर ती झीज सहसा नसते. झीज एवढी पंक्तिप्रपंच करत नाही.

झळाळी आणि काळपटपणा

नवे नाणे चमकते ते आरशासारखे नाही. दाबाखाली चांदी मध्यापासून कडेकडे सरकते आणि पृष्ठभागावर अगदी बारीक, किरणांसारख्या रेषा उमटतात. नाणे दिव्याखाली फिरवले की त्या रेषांवरून प्रकाशाचा पट्टा नाण्याभोवती फिरताना दिसतो. हीच मूळ झळाळी. पहिली झीज या रेषांनाच मारते. म्हणून गालावर किंवा मुकुटावर प्रकाशाचा पट्टा अडखळला, तिथे करडा ठिपका दिसला, तर नाणे थोडे तरी वापरलेले आहे, असे समजायचे.

चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकामुळे. तिच्यावर चांदीच्या सल्फाइडचा पातळ थर बसतो. सुरुवातीला तो सोनेरी दिसतो, मग तपकिरी, निळसर, जांभळा आणि शेवटी काळा. हा थर म्हणजे घाण नव्हे आणि झीजही नव्हे. उलट, समान चढलेला जुना थर असणे म्हणजे नाण्याला बऱ्याच वर्षांत कुणी हात लावलेला नाही, याचा पुरावा असतो. त्यामुळे संग्राहक पांढऱ्या शुभ्र जुन्या रुपयापेक्षा सावळ्या रुपयावर जास्त विश्वास ठेवतात.

आपल्या घरातली सर्वांत मोठी झीज

बाजारात फिरून रुपया झिजतो तो हळूहळू, दशकांमध्ये. पण आमच्या पाहण्यात आलेल्या घरगुती रुपयांचे सर्वांत जास्त नुकसान झालेले असते ते दिवाळीच्या आधीच्या घासण्याने. चिंचेचे पाणी काळा थर काढते, पण तो थर चांदीचाच बनलेला असतो, त्यामुळे दर वेळी वरची थोडी चांदी त्याच्याबरोबर जाते. राख, रांगोळी, भांड्यांची पावडर आणि टूथपेस्ट यांत बारीक कण असतात. ते चांदीवर अक्षरशः शेकडो ओरखडे काढतात. वर्षातून एकदा म्हटले तरी पन्नास वर्षांत पन्नास वेळा. सराफाकडचे द्रावणात बुडवण्याचे पॉलिशही असेच. त्याने नाणे क्षणात पांढरे होते, पण वारंवार केले की मूळ झळाळी मरते.

घासलेले नाणे ओळखायच्या खुणा अशा :

• दिव्याखाली फिरवले की बारीक, एकमेकींना समांतर रेषांचे झुबके दिसतात. वापराचे ओरखडे कसेही, कुठल्याही दिशेने असतात. घासण्याचे एका दिशेने किंवा गोलाकार.
• सपाट जमीन पांढरी झगझगीत आणि अक्षरांच्या कोपऱ्यांत मात्र काळे साचलेले. कापड तिथे पोचत नाही.
• चमक आहे, पण प्रकाशाचा पट्टा फिरत नाही. सगळीकडून एकसारखी, निर्जीव चमक येते.
• अक्षरांच्या कडा बोथट, गोलसर. जोर लावून घासल्याची ही खूण.

असा रुपया खोटा ठरत नाही. त्याची चांदीही जवळपास तेवढीच राहते. पण संग्राहक त्याला 'साफ केलेले' म्हणून खालच्या पायरीवर ठेवतो. चेहरा कितीही स्पष्ट असला तरी ती नोंद पुसली जात नाही. म्हणून आमची सर्व सभासदांना कळकळीची विनंती आहे : पूजेसाठी दोन-चार झिजलेले रुपये कायमचे वेगळे काढा. त्यांनाच काय ते हळद-कुंकू लावा, पुसा. बाकीच्यांना आहे तसे राहू द्या. लक्ष्मी सावळ्या रुपयावर रुसत नाही.

वजन काय सांगते

रुपया तोळ्याचा असल्याने तो स्वतःच वजन म्हणून वापरला जाई. औषधात किंवा स्वयंपाकात 'रुपयाभार' म्हटले की तोळाभर. ऐंशी रुपये म्हणजे शेर. झिजलेला रुपया अर्थातच या कामी लबाडी करायचा. सरकारलाही त्याची चिंता होती. १९०६ च्या नाणे कायद्यात रुपयाचे वजन ठरल्यापेक्षा दोन टक्क्यांहून जास्त घटलेले नसेल, तरच तो कायदेशीर चलन मानला जाई. दोन टक्के म्हणजे सुमारे ०.२३ ग्रॅम. म्हणजे ११.४३ ग्रॅमच्या खाली गेलेला रुपया कायद्याच्या दृष्टीने झिजलेला.

हाच हिशेब आपल्याला आजही उपयोगी पडतो. दोन दशांश स्थळे दाखवणारा लहान इलेक्ट्रॉनिक काटा घ्या. ११.६ च्या वर असेल तर झीज थोडी. ११.४ च्या आसपास किंवा खाली असेल तर बरीच, किंवा कड कानसलेली. डोळ्यांना झीज दिसत नाही आणि वजन मात्र फार कमी भरते, असे झाले तर नाणे खरे आहे का, हा प्रश्न विचारायला हवा.

येथे तीन सावधानता. हैदराबादचा हाली रुपया मुळातच हलका, ११.१८ ग्रॅमच्या आसपास असतो आणि त्यात चांदीही हजारी ८१८ च असते. तो झिजलेला इंग्रजी रुपया समजू नये. गोव्याचा १८८१-८२ चा रुपिया मात्र वजनाला आणि कसाला इंग्रजी रुपयाच्या बरोबरीचा आहे. आणि १९४० ते १९४५ चे सहाव्या जॉर्जचे रुपये वजनाला ११.६६ ग्रॅमच असले, तरी त्यांत चांदी निम्मीच आहे. ते जरा निस्तेज दिसतात आणि त्यांच्या कडेवर दात्यांबरोबर एक खोबणही असते. वितळवायच्या भावाने विकताना हे वेगळे काढावेत, नाहीतर हिशेबावरून भांडण होते. १९४७ चा वाघछाप रुपया निकेलचा आहे. तो चुंबकाला चिकटतो, त्यात चांदी नाही.

पायऱ्या आणि आकडे

नाण्यांच्या व्यापारात अवस्थेला इंग्रजी नावे आहेत आणि आपल्याकडचे व्यापारीही तीच वापरतात. ती जशी कानावर येतात तशीच येथे देतो. उदाहरण पाचव्या जॉर्जच्या रुपयाचे, कारण तो बहुतेक घरांत असतो.

'अनसर्क्युलेटेड' : वापर शून्य. सर्वांत उंच भागावरही झळाळी अखंड. पोत्यातून नेताना नाण्यांची नाण्यांना लागलेली बारीक खरचट मात्र चालते.

'अबाउट अनसर्क्युलेटेड' : भुवई, कान, मुकुटाचा पट्टा यांवर करडेपणाची चाहूल. जमिनीवर झळाळी बरीच शिल्लक.

'एक्स्ट्रीमली फाइन' : उंच भागांवर हलकी झीज, पण मुकुटातले मोती आणि हत्तीचे अवयव स्पष्ट. झळाळी अक्षरांच्या आडोशालाच उरलेली.

'व्हेरी फाइन' : दाढीचे केस काही ठिकाणी मिसळलेले. हत्ती कळतो, पण त्याचे बारकावे गेलेले.

'फाइन' : पोशाखाचा निम्मा भाग गुळगुळीत, हत्ती नुसता आकार. अक्षरे सगळी ठसठशीत.

'व्हेरी गुड' आणि 'गुड' : चेहऱ्याची बाह्यरेषा आणि अक्षरे एवढेच. येथे नावाने फसू नका. व्यापाऱ्याचा 'गुड' म्हणजे आपल्या भाषेत गुळगुळीत झालेला रुपया.

दोन्ही बाजू वेगवेगळ्या पायरीवर असतील तर दोन्ही लिहाव्यात आणि किंमत ठरवताना सहसा खालची धरावी.

या नावांपुढे पुष्कळदा आकडेही असतात : 'गुड'ला ४, 'व्हेरी गुड'ला ८, 'फाइन'ला १२, 'व्हेरी फाइन'ला २० पासून, 'एक्स्ट्रीमली फाइन'ला ४० पासून, त्यावरच्याला ५० पासून ५८ पर्यंत आणि न वापरलेल्याला ६० ते ७०. हे आकडे आले अमेरिकेतून. विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये तिथल्या सुरुवातीच्या तांब्याच्या मोठ्या सेंट नाण्यांवर पुस्तक लिहिले. त्यात १ ते ७० असे माप मांडले. त्यांची कल्पना अशी, की ७० दर्जाच्या नाण्याची किंमत १ दर्जाच्या नाण्याच्या सत्तरपट असावी. किमतीचे ते गणित पुढे टिकले नाही, पण आकडे टिकले. १९८६-८७ मध्ये पीसीजीएस आणि एनजीसी या अमेरिकी संस्था नाणी तपासून, आकडा देऊन प्लास्टिकच्या पेटीत बंद करून देऊ लागल्या. आज राणीछाप रुपयेसुद्धा अशा पेट्यांतून विकायला येतात, ते याच मापाने.

अमेरिकेच्या सुरुवातीच्या चांदीच्या नाण्यांनी अवस्था पाहणाऱ्यांना आणखी एक धडा दिला. १७९४ पासून फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत डॉलर पाडले जाऊ लागले. तेव्हा चकती जड भरली तर छापण्यापूर्वी कानस मारून तिचे वजन बरोबर करीत. त्या काळच्या काही डॉलरवर कानशीचे समांतर चरे दिसतात. नवखा माणूस त्यांना नंतरचे नुकसान समजतो. पण ते नाण्याच्या जन्माच्याही आधीचे असतात, म्हणून नंतरच्या ओरखड्यांच्या हिशेबात ते धरत नाहीत. नाण्यावरचा प्रत्येक व्रण टांकसाळीतला की बाहेरचा, हे आधी ठरवायचे. हाताने पाडलेल्या आपल्या रुपयांना हा नियम विशेष लागू आहे.

बाबाशाही, शिंदेशाही, होळकरी

हातोड्याने पाडलेल्या रुपयांत ठसा चकतीपेक्षा मोठा असे. त्यामुळे अर्धा मजकूर नाण्यावर उतरतच नसे. मजकूर कापला गेला आहे, एक बाजू जाड आणि दुसरी पातळ आहे, कडेला चीर आहे, मध्यभागी ठसा दुबळा उठला आहे : यांतले काहीच झीज नव्हे. अशा रुपयांच्या दोन वेगळ्या नोंदी कराव्यात. मजकुराचा किती भाग उतरला आहे, ही पहिली. जो उतरला आहे तो किती झिजला आहे, ही दुसरी. इंदूरच्या सूर्यछाप रुपयावर सूर्याच्या चेहऱ्याचे नाक-डोळे पाहा. ते सुबक असतील तर झीज कमी. टांकसाळीची खूण आणि साल पूर्ण उतरलेले नाणे थोडे झिजलेले असले तरी मोलाचे ठरते.

या रुपयांवर लहान लहान ठोके, चांदण्या, फुल्या अशा खुणाही असतात. पूर्वी सराफ चांदीचा कस पाहून स्वतःचे चिन्ह ठोकीत. ती त्या रुपयाची बाजारातली साक्ष आहे. त्याने किंमत काहीशी उतरते, पण ते नाण्याच्या इतिहासाचा भाग आहे. खुणा बुजवायच्या फंदात पडू नये.

टाके, भोके आणि मुलामा

आपल्याकडे रुपयांच्या माळा करून गळ्यात घालायची रीत होती. म्हणून कडेला पाहा : कडी लावल्याच्या डाकाचा अंश आहे का? भोक पाडून नंतर बुजवले आहे का? त्या जागी रंग वेगळा दिसतो आणि दाते तुटतात. खाचांत पिवळी छटा असेल तर कधी काळी सोन्याचा मुलामा असावा. अशा नाण्याला संग्रहात फार भाव येत नाही. पण आजीच्या माळेतला रुपया म्हणून तो ठेवायचा की नाही, हे ठरवायला भिंग लागत नाही.

ठेवावे कसे आणि लिहावे काय

रबर बँड, वर्तमानपत्र आणि लोकर यांपासून रुपये दूर ठेवा. त्यांतले गंधक चांदी काळी करते. स्वस्त, मऊ प्लास्टिकच्या पाकिटांतून हिरवट चिकट द्रव सुटतो, तीही नकोत. आम्लविरहित कागदाची लहान पाकिटे किंवा कडक प्लास्टिकच्या डब्या वापराव्यात आणि ओल लागणार नाही अशा जागी ठेवाव्यात.

कायदाही थोडा माहीत असावा. १९७२ च्या पुरातन वस्तूंच्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी नाणी पुरातन वस्तूंत मोडतात आणि ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत. परदेशी राहणाऱ्या लेकीच्या बॅगेत आठवण म्हणून राणीछाप रुपया घालण्याआधी हे लक्षात घ्या. जुना वाडा पाडताना जमिनीत पुरलेली नाणी सापडली, तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते.

शेवटी, एक वही करा. प्रत्येक रुपयाला एक ओळ : राजा किंवा राणी, साल, टांकसाळीची खूण, वजन, पुढच्या आणि मागच्या बाजूची अवस्था, घासल्याच्या खुणा आहेत की नाहीत. आणि शेवटच्या रकान्यात तो घरात कुठून आला : पणजोबांच्या पगारातून, मावशीच्या ओटीतून, की इंदूरच्या आत्याकडून. पहिले सगळे रकाने उद्याही कुणी जाणकार भरून देऊ शकेल. शेवटचा रकाना फक्त घरातली वडीलधारी माणसेच भरू शकतात. म्हणून त्यांना शेजारी बसवा आणि तो रकाना सर्वांत आधी लिहा.